खळ न लावलेली पट्टी

त्याला गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. लहान पोरं तोंडावर काटकोनकाका म्हणत आणि मोठी माणसं पाठीमागे नुसतंच काटकोन. त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून आवडतही होतं. फ्रेमा करणाऱ्या माणसाला याहून मोठा मान आणखी कोणता द्यायचा?

माणूस सरळ, पण त्या सरळपणाचा अगदी अतिरेक झालेला. ताट गोल असतं म्हणून वाचलं, नाहीतर तेही त्याने टेबलाच्या कडेला लावून घेतलं असतं. कुणाच्या घरी गेला की खुशाली विचारायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचा. बायको चारचौघांत सांगायची, "माझे दात सरळ निघाले म्हणून निभावलं. एखादा वाकडा असता तर हा बोहल्यावरून परत गेला असता."

घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे लाकडाचा भुसा नि काचेचे तुकडे, पलीकडे अनवाणी चालायची मुभा. पूर्वी आरसे नि प्रमाणपत्रं यायची. मग एकदा एक आई मुलाने वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर काढलेला हत्ती घेऊन आली. हत्तीला पाच पाय होते. पाचवा पाय की शेपूट, यावरून त्यांच्या घरात अजून वाद आहे म्हणे. काटकोनने त्याच्याभोवती रुंद, सायीच्या रंगाच्या पुठ्ठ्याचा माउंट कापला, बाहेर गडद लाकडाची चौकट घातली, आणि तो हत्ती दिवाणखान्यात असा काही रुबाबात लटकला की बघणारे चित्रकाराचं नाव विचारू लागले. तेव्हापासून गावभरच्या पोरांची चित्रं त्याच्या दाराशी येऊ लागली. कुणी फ्रिजच्या दारावरून उतरवलेलं, कुणी दप्तरात चुरगळलेलं, कुणी दूध सांडलेलं.

ती चित्रं तो बघत मात्र नसे. "चित्र बघायचं काम गिऱ्हाइकाचं, मी कडा बघतो," असं तो छाती पुढे काढून सांगायचा. पोरांचा कागद कधी सरळ नसतो. फाडलेला असतो, कोपरा चावलेला असतो. काटकोन त्यावर गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, ठेवायचा, कडेची पट्टी कटरने उडवायचा आणि कागद चौरस करून मोकळा व्हायचा. उडवलेली पट्टी तो टाकत नसे. घडी करून चित्राच्या मागे, पाठीच्या फळीआड दाबून भरायचा, म्हणजे चित्र काचेला चिकटून बसतं, हलत नाही. डब्यातली जी पट्टी हाताला लागेल ती. या धंद्यातले बाकीचे लोक थर्मोकोल भरतात. काटकोन त्यांना नावं ठेवायचा.

तर त्या दिवशी संध्याकाळी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण. आदल्या दिवशी ती पोरीचं चित्र ठेवून गेली होती तेव्हा काटकोन काच आणायला बाहेर पडला होता, आणि बायकोने निरोप दिला तो एवढाच, "हिला उद्या संध्याकाळपर्यंत हवंय, हयगय करू नको." त्याने हयगय केली नव्हती. फ्रेम तयार होती, खाकी कागदात गुंडाळून, सुतळी बांधून, टेबलाच्या कडेला समांतर ठेवलेली.

मेहुणी स्टुलावर बसली आणि बसल्या बसल्या तिचे डोळे भरून आले. बायको तिच्यासाठी पाणी घेऊन आली.

"उद्या सकाळची गाडी आहे," मेहुणी म्हणाली. "बॅग भरून झाली त्यांची."

तिचा नवरा, म्हणजे काटकोनचा साडू, दूरच्या एका बंदरावर क्रेन चालवायचा. गेला तेव्हा पोरगी रांगत होती. आता ती शाळेत जायला लागली होती. तो सुट्टीवर आला आणि पोरगी आईच्या मागे लपली ती लपलीच. त्याने आणलेल्या रंगांच्या पेटीला तिने हात लावला, त्याच्या हाताला नाही. त्याला ती कसलीच हाक मारत नसे. आईला मात्र विचारायची, "पाहुणे कधी जाणार?" हे त्याने ऐकलं होतं. त्या दिवसापासून तो घरात दबकत वावरत होता. कंपनीला त्याने उद्याच कळवायचं होतं, की पुन्हा लांबचा करार करायचा की हातातलं काम उरकून कायमचं घरी यायचं. काल रात्री जेवताना तो बायकोला म्हणाला होता, "पोरीला मी असलो काय नि नसलो काय सारखंच. मग तिकडेच राहून चार पैसे तरी धाडतो."

"पण ताई, तिने त्यांना काढलंय," मेहुणी म्हणाली. "मला आधी दिसलंच नव्हतं. घर आहे, मी आहे, ती आहे, मांजर आहे. आणि अगदी कडेला, नुसत्या पेन्सिलीने, बारीकसे तेच. हातात बॅग. घरी येतायत. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. आज कागद सोडून बघितलं की कळेल त्यांना. बोलून पटायचं नाही, डोळ्यांनी बघू देत."

काटकोनचा हात सुतळीच्या गाठीवर होता. तो तिथेच थिजला.

उजव्या कडेला त्याने बोटभर रुंदीची पट्टी उडवली होती. कागद तिथे वहीतून ओरबाडून काढलेला, दातेरी. पेन्सिलीच्या काही रेघा होत्या खऱ्या. पोरं टोक बघायला ओढतात तसल्या रेघा असतील, असं समजून त्याने कटर फिरवला होता. बघितलं कुठे होतं त्याने? कड तर बघितली होती. जन्मभर कडाच बघत आला, आणि जिच्यात माणूस उभा होता नेमकी तीच कड त्याला दिसली नाही.

"हे आणि पोरगी येतायत मागून," मेहुणी म्हणाली. "मी मुद्दाम पुढे आले. इथेच उघडू या. घरी माझा धीर व्हायचा नाही."

काटकोन काहीतरी पुटपुटला आणि फ्रेम उचलून पडद्याआड गेला. बायको मागोमाग आली. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं मात्र, तिला समजलं.

"काय केलंस?"

"कापला मी त्याला."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने कपाळ पुसलं. मग हळू आवाजात म्हणाली, "पट्टी कुठाय?"

त्याने पट्ट्यांचा डबा आणून जमिनीवर उपडा केला. निळं आभाळ, हिरवं गवत, कुणाच्या तरी मोटारीचं अर्धं चाक. पेन्सिलीचा माणूस नव्हता. म्हणजे फ्रेमच्या पाठीत भरला असेल. पण कुठल्या फ्रेमच्या? दुपारी त्याने न्हाव्याचा आरसाही बसवून दिला होता, आणि त्याच्याही पाठीत याच डब्यातल्या पट्ट्या कोंबल्या होत्या. कुठली कशात गेली हे देवालाच माहीत.

कानावरची पेन्सिल त्याने काढली. एक विचार मनात आला आणि तो कसला आला हे त्याचं त्यालाही कळत होतं. माउंटच्या आत, चित्राच्या कडेला, एक बारीकसा माणूस काढायचा. डोकं, धड, दोन पाय, बॅग. पोरीचं चित्र ते, कोण बघतंय एवढं निरखून? त्याने मागच्या कपाटावर सरावाला एक रेघ मारली. रेघ अशी सरळ आली की शाळेतल्या मास्तरांनी शाबासकी द्यावी. बायकोने त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

"माझ्या बहिणीला फसवशील," ती म्हणाली. "पोरीला कसं फसवशील?"

बाहेर चपला वाजल्या. साडूचा जड आवाज आला, "आत येऊ ना?" बायकोच्या सख्ख्या बहिणीच्या घरातसुद्धा हा माणूस आता विचारून पाऊल टाकत होता.

काटकोन फ्रेम घेऊन बाहेर आला. साडू दारापाशी उभा, हात कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखा. पोरगी आईच्या कुशीत शिरलेली. मेहुणीने सुतळीला हात घातला, तेव्हा काटकोन म्हणाला, "थांब. आधी माझं ऐक."

आणि त्याने सांगून टाकलं. घाम पुसत, अडखळत, पण सगळं. कडेला साडू होता, मी कापला, मला तो दिसला नाही. बहुतेक याच फ्रेमच्या पाठीत आहे, नसला तर न्हाव्याकडे आहे, त्याच्याकडेही नसला तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

मेहुणीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. साडूच बोलला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता हेच काटकोनला सहन होईना. "जाऊ द्या हो," तो म्हणाला. "तसाही मी कडेलाच होतो."

काटकोनने फ्रेम टेबलावर पालथी घातली. पक्कड घेतली. एकेक बारीक खिळा उपसू लागला. रोज डोळे मिटून करायचं काम, पण आज पक्कड दोनदा निसटली आणि लाकडाला ओरखडा पडला. कधी नव्हे ती त्याच्या हातून फ्रेम खराब झाली होती आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. फळी निघाली. पहिली घडी उलगडली, ती कोरी. दुसरीत कुणाच्या तरी सूर्याचे किरण होते. तिसरी घडी दातेरी कडेची होती. ती त्याने अंगठ्याने दाबत उलगडली.

होता. कमरेत घडी पडलेला, करंगळीएवढा, हातात बॅग घेतलेला माणूस. काटकोनने चित्र माउंटसकट चौकटीतून काढून सुलटं ठेवलं. मेहुणीने हुंदका दिला आणि पट्टी चित्राच्या उजव्या कडेला, जिथली होती तिथे लावून नवऱ्याला दाखवली. "बघा, तुम्हीच आहात."

साडू वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग त्याने बोटाने पट्टीवरच्या माणसाचं नाक दाखवलं. टोकदार, नीट काढलेलं नाक. ते घराकडे नव्हतं, कागदाबाहेर होतं.

"मी येत नाहीये," तो म्हणाला. "मी जातोय."

मेहुणीने पुन्हा बघितलं आणि तिचा हात खाली आला. उराशी धरून बसली होती ती आशा उलटी निघाली. काटकोनला वाटलं, नसतीच सापडली पट्टी तर बरं. न्हाव्याच्या आरशामागे राहिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? साडू सरळ उभा राहिला आणि दाराकडे बघू लागला. उद्याचं त्याचं जणू आताच ठरून गेलं होतं.

तेवढ्यात पोरगी आईच्या कुशीतून सुटली. स्टुलावर चढली, टेबलावर कोपरं टेकवली. पट्टी उचलली. माउंटसकट चित्र समोर सुलटं पडलेलं होतं, काच बाजूला. तिने पट्टी उजवीकडून उचलून चित्राच्या वरून नेली आणि डावीकडे, सायीच्या रंगाच्या माउंटवर ठेवली. त्या माउंटला काटकोनने आजवर कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. पट्टी तिरकी बसली. माणूस तोच, बॅग तीच, पण आता नाक घराकडे होतं. समोर मांजर होतं, दार होतं, दारात त्या दोघी उभ्या होत्या.

काटकोनचा हात सवयीने गुण्याकडे गेला. बायकोने त्याच्या मनगटावर हात ठेवला, आणि त्याने गुण्या सोडला. मग खळीची वाटी पुढे ओढली, ब्रश बुडवला.

"इथेच लावू?" त्याने पोरीला विचारलं.

"नको काका."

"मग कुठे?"

"इथेच. पण चिकटवू नका." तिने पट्टीवर तळहात झाकला. "बाबा अजून आलेत कुठं? आल्यावर चिकटवा."

हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. मेहुणीने तोंडावर हात दाबला. साडू, एवढा क्रेन चालवणारा गडी, स्टुलाशेजारी खाली, लाकडाच्या भुशातच बसला. पोरीने त्याच्याकडे बघितलं नाही, पण ती आईमागे गेलीही नाही. पट्टी घसरू नये म्हणून हात तसाच ठेवून उभी राहिली.

काटकोनने तिचा हात अलगद बाजूला केला, काच वरून ठेवली आणि सगळं चौकटीत बसवलं. पाठीत पट्ट्या पुन्हा भरल्या, या वेळी एकेक उलगडून, बघून. खिळे ठोकले ते हलक्या हाताने. ओरखडा होता तसा ठेवला. फ्रेम पुन्हा उचलली, तर काचेआड तो बारीक माणूस नुसत्या दाबावर उभा होता, तिरका, घराच्या दिशेने.

साडूने फ्रेम दोन्ही हातांनी आडवी धरली, भरलेली परात न्यावी तशी. दारापर्यंत गेला आणि वळला.

"घसरला तर हा?" त्याने विचारलं.

"घसरणारच. खळ कुठाय त्याला?" काटकोन म्हणाला. "लवकर या."