आप्पांच्या दुनळीचा नेम

आमचे हे महासंशयी. गिरगावात दुधाची पिशवी घरच्या काट्यावर तोलून घेणारा दुसरा माणूस मला दाखवा! निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा केलेली घरची रायफल परत मिळाली, की हे भिंग लावून तिचा नंबर ताडून बघतात.

ही दुनळी शिकारी रायफल माझ्या सासऱ्यांची, आप्पांची. ते जंगल खात्यात कारकून होते. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या रुपयाएवढ्या एकाच जागी लागतात, असं ते मरेपर्यंत सांगत.

यंदा आमच्या पुतण्याने, उन्मेषने, नेमबाजीचा क्लब लावला. रायफलचा लाकडी दस्ता त्याला लांब पडतो, म्हणून तो कापून घेऊया म्हणाला. झालं! महिनाभर ह्यांची कटकट. "ह्याला आत्ताच कशी रायफल आठवली? मिस्त्री नळ्या बदलून ठेवील. वजन बदललं की नेम बिघडेल."

शेवटी मी वैतागून ह्यांना भायखळ्याच्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, "काका, आधी रेंजवर दोन्ही नळ्यांतून गोळ्या झाडून नेम बघू. मगच कापायचं ठरवू."

ह्यांनी रायफल त्याच्या हातातून काढून पेटीत घातली आणि हे तडक रस्त्यावर आले.

"अहो, बरोबरच बोलत होता तो!" मी भडकले. "झाडून बघायला काय हरकत होती?"

"आप्पांना गोळी झाडताना मी कधी पाहिलंच नाही," हे हळूच म्हणाले. "नाही लागल्या एका जागी, तर आता विचारू कोणाला?"