थांबायला शिकलो ते दिवस

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे चाफ्याची फुलं केळीच्या पानांत बांधणं. वटार गावातल्या आमच्या वाडीत विहिरीजवळ बसलो होतो. नात मांडीशी खेळत होती. अडीच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनी कान तपासले होते, ऐकू नीट येत होतं. पोरीनं कळशीकडे बोट केलं की बायको पाणी घेऊन हजर. मी फटकळ माणूस. म्हटलं, "तूच तिला मुकी करून ठेवलीस." ती एवढंच म्हणाली, "देवाकडे मागितलंय मी. बोलेल." दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. माझं ते बोलणं मात्र राहिलं.

चर्चमधल्या सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर घरी ओटीवर माणसं बसली होती. पोरीनं बिस्किटांकडे बोट केलं आणि सगळ्यांच्या आधी मीच उठलो. तेव्हा कोपऱ्यातली एक अनोळखी बाई म्हणाली, "बाबा, तिला मागायला वेळच देत नाही तुम्ही. काय हवं ते विचारा, तिच्यासमोर बसा, डोळ्यांत बघा आणि गप्प थांबा. हातानं जे करत असाल ते तिला बोलून दाखवत जा." म्हणे ती न बोलणाऱ्या मुलांना शिकवायची. मी म्हटलं, मला माणसांशी बोलायचा कंटाळा, एवढ्याशा पोरीशी काय बोलू? ती हसली. "मग दोघं बरोबरच शिका." चहा पिऊन गेली. कुणाबरोबर आली होती, हे आजवर कुणाला सांगता आलं नाही. मीही फार खोलात गेलो नाही. बायकोनं मागितलं होतं, एवढं मला ठाऊक.

मग मी बोलू लागलो. हे फूल. हे पाणी. आता आजा पान कापतो. काय हवं ते विचारून तिच्या डोळ्यांत बघत थांबायचो. शेजारी कुंपणापलीकडून म्हणायचा, बायको गेली आणि म्हातारा खुळावला. महिने गेले. पोर नुसती माझ्या तोंडाकडे बघायची.

आमच्या घरी संध्याकाळी जपमाळ होते. एकानं प्रार्थनेचा अर्धा भाग म्हणायचा, दुसऱ्यानं उरलेला, शेवटच्या आमेनपर्यंत. चाळीस वर्षं पहिला भाग बायकोचा, दुसरा माझा. आता दोन्ही माझ्याकडे. एका संध्याकाळी तिचा भाग म्हटला आणि माझा गळ्यातच अडकला. आवाज फुटेना. पोर समोर बसली होती. मी तिच्यासाठी थांबायचो तशीच ती माझ्या डोळ्यांत बघत थांबली. मग म्हणाली, "आजा, आमेन."

देवानं माझं तोंड बंद केलं तेव्हा तिचं उघडलं. याला काय म्हणायचं ते शिकलेल्यांनी ठरवावं, मी चौथीपर्यंतचा. मी गुडघ्यावर बसून त्याचे आभार मानले, बायकोची माफी मागितली. आपल्या हातात फक्त विचारणं असतं, देणारा आपल्या वेळेनं देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीला नवा फ्रॉक घातला आणि खांद्यावर बसवून मिस्सेला नेलं. चर्चच्या दारात शेजारी भेटला. तिला खाली उतरवलं, छाती फुगवून म्हटलं, "विचार हिला, नाव काय." त्यानं विचारलं. पोर गप्प. त्यानं माझ्याकडे बघितलं. नाव माझ्या जिभेवर होतं, पण सांगितलं नाही. घंटा झाली, माणसं आत गेली. मी पोरीशेजारी उकिडवा बसलो आणि त्यालाही हात धरून बसवलं.

"थांब," म्हटलं. "सांगेल ती."