तिसऱ्या लेव्हलला मिळणारा ह

आमच्या गेममधल्या किनाऱ्यावरच्या माणसाला 'ह' मिळायला तिसऱ्या लेव्हलपर्यंत थांबावं लागायचं. पहिल्या दोन लेव्हलना 'आमी', तिसरीला 'आम्ही'. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण खेळणाऱ्याला तो न सांगता कळायचा. या नियमाचा पहिला फटका माझ्या आईला बसला, आणि तो बसताना मी शेजारीच उभी होते, म्हणून हे लिहिते आहे.

पनवेलच्या उरण नाक्यावरच्या मासळीबाजारातल्या कोळणींच्या हातात नुकते स्मार्टफोन यायला लागले होते तेव्हाची गोष्ट. नवीन पनवेलला एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस होतं. मोबाइलवर खेळायचा युद्धाचा गेम आम्ही बनवत होतो. समुद्रातली बेटं, बेटांवर किल्ले, आणि ते राखायला पाच मुलखांची माणसं: किनाऱ्याची, घाटावरची, खानदेशातली, वऱ्हाडातली आणि डोंगरातली. कुणाला कुठे उभं करायचं, कुणाला कधी बढती द्यायची, हे खेळणाऱ्याने डोकं लढवून ठरवायचं. डोंगरातला झाडीत दिसेनासा होतो, वऱ्हाडातला उन्हात थकत नाही, किनाऱ्याची कोळीण वादळातसुद्धा होडी हाकते. आणि ज्याच्यावर बोट ठेवाल तो त्याच्या बोलीत बोलणार. ही कल्पना आमच्या सरांची, म्हणजे मालकांची. ते बरीच वर्षं परदेशात गेम बनवून आले होते. तिकडे भारतातला माणूस म्हटलं की एकच फेटा एकाच डोक्यावर चढवतात, असं ते चिडून सांगायचे, आणि ते खरंच होतं. 'विविधता' हा शब्द ते इतक्या वेळा उच्चारायचे की खालच्या चहावाल्यालाही तो पाठ झाला होता.

संवाद लिहायला मला घेतलं ते माझ्या बोलीमुळे. मी उरणकडच्या खाडीकाठची. वडिलांची होडी होती, पुढे खाडीत भराव पडला आणि ते द्रोणागिरीच्या एका गोदामात वॉचमन झाले. आई रोज मासळीची पाटी घेऊन पनवेलला यायची. मला तिने पनवेलच्या शाळेत घातलं. तिथे मी 'पानी' म्हणाले की बाई मला बाकावर उभं करायच्या आणि अख्ख्या वर्गाकडून 'पाणी, पाणी' म्हणवून घ्यायच्या. मी शिकले. इतकी शिकले की कॉलेजात मला विचारायचे, तू पुण्याची का? आणि आता त्याच 'पानी'साठी एक माणूस मला नोकरी देत होता. मुलाखतीला सर म्हणाले, तुमची बोली हीच आपली ताकद. करंजाड्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर येईपर्यंत मला रस्ताभर हसू आवरत नव्हतं.

कोळणीच्या आवाजासाठी दोन नट्या येऊन गेल्या. दोघींनी कंबरेवर हात ठेवून, डोळे फिरवून, नाटकातली कोळीण केली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सरांना म्हटलं, याला सोंग म्हणतात, माणूस हवा असेल तर माझ्या आईला आणते. सर खूश झाले.

आई बाजार आटोपून आली. अंगाला मासळीचा वास येतो म्हणून तिने वाटेत नळावर हातपाय धुतले होते, केसांत गजरा माळला होता. रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतीला गाद्या ठोकलेल्या, मध्ये माइक. तिने माइककडे खालून वर बघितलं. मग काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलाला तिने विचारलं, "समोर मानूस नाय तर बोलू कुनाशी?" शेवटी मी आत जाऊन तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि ती माझ्याशी बोलली. मी लिहिलेली वाक्यं तिने तोंडात घोळवून स्वतःची करून टाकली. होडीवर हल्ला झाला की मदतीला येणाऱ्या कोळणीने 'मी आले' म्हणायचं होतं. आई म्हणाली, "हाय मी. भिऊ नको." काचेपलीकडच्या मुलाने ते वाक्य लगेच परत लावून ऐकलं.

कोळणीच्या तीन पायऱ्या, म्हणजे तीन लेव्हल, होत्या. पहिलीला ती जाळी विणते, दुसरीला होडीवर लढते, तिसरीला सगळ्या आरमाराची प्रमुख होते. तिन्ही पायऱ्या आईने बोलल्या. तिसरीची तिला सगळ्यात जास्त मजा आली. माझ्या कागदावर नुसतंच 'निघा' होतं. आईने पदर खोचला आणि गरजली, "नांगर उचला. कोन येतं तेच बगते." खालच्या दवाखान्यातली बाई काय झालं म्हणून वर बघायला आली. त्या दिवशी घरी जाताना आईने मला टमटममध्ये दहादा विचारलं, ह्ये सगल्यांना ऐकू जानार काय? मी म्हटलं, सगळ्यांना.

मग गेम चाचणीसाठी बाहेरगावच्या काही लोकांना खेळायला दिला, आणि त्यांचं मत आलं. पहिल्या दोन पायऱ्यांवरची कोळीण त्यांना फार आवडली, 'धमाल' वाटली. आरमारप्रमुखाच्या बोलण्याला मात्र वजन नाही, म्हणे. वऱ्हाडी सेनापतीचंही तेच, खानदेशी किल्लेदाराचंही तेच. सरांनी बैठक घेतली आणि ठरवून टाकलं की तिसऱ्या पायरीला सगळे शुद्ध बोलतील. घाटावरच्या माणसात काहीच बदलावं लागलं नाही. तो पहिल्या पायरीपासूनच शुद्ध बोलत होता, कारण त्याला काही बोली असते हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी भांडले. चांगली तासभर भांडले. म्हटलं, बाई आरमार चालवते ती काय व्याकरणाच्या जोरावर? सर चिडले नाहीत. ते कधीच चिडायचे नाहीत, समजूत घालायचे, आणि तेच जास्त झोंबायचं. म्हणाले, बढती दिली की खेळणाऱ्याला फरक दिसला पाहिजे, ऐकू आला पाहिजे. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "माणूस वर गेला की तसाच कसा बोलेल? तू तरी बोलतेस का?"

 त्या प्रश्नाचा संताप मला आजही येतो. मी त्यांच्याशी तासभर शुद्ध मराठीतच भांडत होते. पण मी वर गेले म्हणून काही मला 'ह' बक्षीस मिळाला नव्हता, बाकावर उभं करून तो माझ्या तोंडात कोंबला होता. हे त्यांना सांगायला हवं होतं. तेव्हा मी नुसती जागेवर जाऊन बसले. पुढच्या अपडेटला विचार करू, असं सर जाताजाता म्हणाले. ते अपडेट कधीच आलं नाही.

शेजारच्या टेबलावर आमचा चित्रकार बसायचा. पनवेलच्या जुन्या मोहल्ल्यातला कोकणी मुसलमान, घरातले अर्धे पुरुष आखातात. त्याचे आजोबा जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. किनाऱ्याच्या गटासाठी त्याने त्यांचाच चेहरा काढला होता, पांढरी दाढी, बाकदार नाक, उन्हाने बारीक झालेले डोळे. चित्र सरांना फार आवडलं. इतकं आवडलं की त्यांनी ते उचलून शत्रूपक्षात, चाच्यांच्या टोळीत टाकलं. दाढी बघून लोकांना लगेच ओळखू येईल, म्हणाले. कसली ओळख, ते कुणी विचारलं नाही. त्या दिवशी मी तोंड पाडून बसलेली बघून तो मान वर न करता म्हणाला, "तुझी आई निदान दोन लेव्हल आपल्या बाजूने लढते. माझे आजोबा पहिल्याच लेव्हलला बुडतात." आम्ही दोघं हसलो. फार वेळ हसलो.

गेम आला. माझ्या भावाने आईच्या फोनवर तो घालून दिला आणि बाजारात एकच गर्दी झाली. बोट ठेवलं की आई बोलते. "काय पायजे? सांगा." पुन्हा बोट, पुन्हा आई. शेजारच्या बायका पापलेटचं गिऱ्हाईक सोडून बोटं लावायला यायच्या. मला वाटलं होतं ती तेवढ्यावरच थांबेल. पण आई खेळायला शिकली. दुपारी बाजार थंड झाला की पाटीवर ओलं फडकं टाकून ती होड्या हाकायची. वारा बघून होडी लावायची, ते तिला कुणी शिकवायला लागलं नाही. तिसऱ्या पायरीचं काय झालंय ते मी तिला सांगणार होते, अपडेटचं एकदा नक्की कळू दे म्हणून थांबले होते. ती इतक्या लवकर तिथे पोचेल असं मला वाटलंच नाही.

एका दुपारी मी सुरमई न्यायला गेले तर ती म्हणाली, थांब, बग, मोटी होते आता. बढतीच्या पिवळ्या बाणावर तिने बोट ठेवलं. तुतारी वाजली, सोन्याचे कण उडाले. कोळणीच्या कमरेला पट्टा आला, हातात तलवार आली, आणि रंगसुद्धा एका छटेने उजळला. ते मलाही माहीत नव्हतं. आईने कौतुकाने तिच्यावर बोट टेकवलं.

"आम्ही सज्ज आहोत. आज्ञा द्यावी."

आवाज गोड होता, बातम्या देणाऱ्या बाईसारखा. आईने परत बोट टेकवलं. तेच. तिने फोन कानाजवळ नेला, मग लांब धरला. शेजारची बाई म्हणाली, "गो, तुजा आवाज कुटं गेला?"

"मोटी झाले ना मी," आई म्हणाली आणि हसली. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ते नांगराचं बोल्लेले ना मी. माजं काय चुकलं काय?"

नाही, तुझं काही चुकलं नाही, असं मी म्हटलं. मग बैठक, चाचणी, वजन, सगळं सांगितलं. सांगताना मला माझ्याच बोलण्याची किळस येत होती, कारण सरांची वाक्यं जशीच्या तशी माझ्या तोंडून निघत होती. आईने ऐकून घेतलं. फोन पदराने पुसून पिशवीत टाकला आणि सुरमईची खवलं काढायला घेतली. तिने आदळआपट केली असती, सरांच्या नावाने बोटं मोडली असती, तर मला बरं वाटलं असतं. बाजारात वजनात दोन बोंबील इकडे तिकडे झाले तर अख्खा नाका डोक्यावर घेणारी बाई ती. पण त्या गेमबद्दल ती परत एक अक्षर बोलली नाही, आणि माझ्यासमोर तरी परत खेळली नाही. मला वाटलं, विसरली.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरत होतं. मुलगा मीच पसंत केलेला. त्याचं घर रोडपालीला, मूळचे घाटावरचे. बोलणी करायला त्याच्या घरचे माझ्या करंजाड्याच्या खोलीवर येणार होते. आदल्या दिवशी मी आईला फोन करून कुठली साडी, काय विचारायचं, काय बोलायचं ते सांगत होते. ती म्हणाली, बोलायला मामा येईल, मी बसंन नुसती. मामा बंदरात नोकरीला, चारचौघांत नीट बोलायचा. मी म्हटलं, लग्न तुझ्या मुलीचं, मामा कशाला?

"तितं माजा आवाज नको," आई म्हणाली. "वरच्या लेवलला दुसरी बोलते ना."

टोमणा असता तर मी भांडले असते. टोमणा नव्हता. उद्या एसटी कितीला आहे ते सांगावं तशी ती सांगत होती. कामावरची एक गोष्ट माझ्या आईने जगाचा कायदा समजून शिकून घेतली होती, आणि ती मीच तिला बाजारात उभी राहून समजावून दिली होती, सरांच्या शब्दांत. मला सरांचा भयंकर राग आला, आणि मी फोन ठेवून दिला. 

दुसऱ्या दिवशी माणसं आली. आईने चहा दिला, पोहे दिले, आणि गादीच्या कोपऱ्यात पदर सावरून बसली. मामा बोलला. माझे वडील दोन वाक्यं बोलले. तिला काही विचारलं की ती मान हलवायची आणि मामाकडे बघायची. तास गेला. निघताना त्याची आई माझ्या आईचा हात हातात घेऊन मला म्हणाली, तुझी आई फार शांत आहे हो, असली शांत माणसं मला आवडतात.

माझा बांध फुटला. इतक्या वर्षांत परक्या माणसांपुढे मी आमच्या बोलीत बोलले नव्हते. मी म्हटलं, "माजी आई शांत नाय. कोन बोलतं शांत हाय? बाजारात जाऊन बगा."

 मग त्याची आई खळखळून हसली. त्याचे वडील हसले, त्याची बहीण हसली, मामासुद्धा हसला. "अगं, किती हुबेहूब नक्कल करतेस," बहीण म्हणाली, "परत कर ना." ज्याच्याशी मी लग्न करणार होते, तोही हसला, जरा उशिरा.

मी आईकडे बघितलं. तीही हसत होती, पदर तोंडाला लावून, आवाज न करता.