अस्तर, पारा आणि खापरखेड्याचं रीडिंग

आमच्या नागपूरच्या दवाखान्यात मूल न होणाऱ्या बायकांची ओपीडी मंगळवारी असायची. मी तिथं चौदा वर्षं सिस्टर होते. घरचे म्हणतात, हिच्या गोष्टी ऐकत बसलं की चहा थंड होतो! होऊ द्या.

सत्तरच्या दशकात आमच्याकडे सोनोग्राफी कुठली! गर्भाशयाचं अस्तर बाळ धरायला तयार झालं का, हे थर्मामीटरवरून ताडायचं. दोन पाळ्यांच्या मध्यावर अंग किंचित तापतं, पंधरवड्यानं पाळी आली की निवतं. बाईनं रोज सकाळी उठण्याआधी थर्मामीटर तोंडात धरायचा अन् तक्त्यावर आकडा मांडायचा. एवढं सोपं काम, पण लोक काय कमी आहेत?

\*

सक्करदऱ्याच्या एक सासूबाई सुनेचा तक्ता घेऊन आल्या. महिनाभर सरळ रेघ. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, हा तर पाळी गेलेल्या बाईचा तक्ता दिसतो.

"मंग? सात वर्सं झाले माही जाऊन! काचेची वस्तू, सुनेच्या हातून फुटली असती. म्हणून रोज मीच धरतो तोंडात."

\*

काटोलचा एक संत्रेवाला बायकोला पुढं करायचा. स्वतःच्या तपासणीचं नाव काढलं की भडकायचा. डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, "कलमासाठी झाडावर बांधलेला डोळाच मेलेला निघाला, तर झाडाले शिव्या देता का, भाऊ?"

गडी तपासणीची बाटली घेऊनच गेला.

\*

खापरखेड्याचे वामनराव पॉवर हाऊसमध्ये मीटरचे आकडे लिहायचे. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नव्हतं. त्यांच्या आईनं दुसरी पोरगी पाहून ठेवली होती अन् दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. बायको सुमन, तिचा चेहरा पाहवत नसे. मला तर त्या म्हातारीचा सणकून राग यायचा.

डॉक्टरबाईंनी अस्तरासाठी गोळ्या दिल्या, तक्ता लिहायला सांगितला. वामनरावांनी आणला तो ताव पाहून आम्ही थक्कच झालो. दर तासाला रीडिंग, चोवीस तास, प्रत्येकासमोर सही! हे ड्युटीवर गेले की शेजारीण चार्ज घेई, तिचीही सही. सुमन मला म्हणाली, "सिस्टर, मले मूल नको, झोप पाह्यजे."

दिवसातून एकदाच घ्या, असं डॉक्टरबाईंनी त्यांना बजावलं.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली तेव्हा वामनराव एकटेच आले. तोंड उतरलेलं. थर्मामीटर अन् तक्ता टेबलावर ठेवून म्हणाले, "हा बदलून द्या, बाई. बिघडला. वीस दिवस झाले, पारा खाली उतरूनच नाही राहिला."

डॉक्टरबाईंनी तक्ता दोनदा पाहिला, मग माझ्यापुढं सरकवला.

"थर्मामीटर राहू द्या, भाऊ. उद्या सुमनले आणा. अन् तुमच्या आईलेही."