पार्वतीची रजा

भाईंदरजवळच्या डोंगरी गावात एका धर्मादाय मंडळाने बायकांसाठी लहानसे मनोरुग्णालय चालवले होते. मी मंडळाच्या कचेरीत कारकून होतो, त्यामुळे सुगंधा शिगवण यांचे काम मला जवळून पाहायला मिळाले.

सुगंधाबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. नवरा गिरणीत होता, तो लवकर वारला. मग त्या नर्सिंग शिकल्या आणि भाईंदरला खोली घेऊन राहिल्या. सकाळच्या बसने डोंगरीला येत. उंच, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. रुग्ण बायका त्यांना घाबरत नसत, हे त्या काळी विशेषच होते.

डॉक्टर मुंबईहून अधूनमधून येत. एरवी कोण जेवत नाही, कोण झोपत नाही, कोण भिंतीकडे तोंड करून बसते, याकडे सिस्टरांचेच लक्ष असे. कुणाला घरी रजेवर सोडायचे ठरवताना डॉक्टर शेवटी विचारत, "सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?" त्या सांगतील तसेच बहुधा होई.

पार्वती काशीगावची. भातशेती आणि मिठागर असलेल्या घरातली. मूल दगावल्यावर ती बोलायची थांबली होती. सासरच्यांनी माहेरी आणून सोडली, माहेरच्यांनी इथे. सुगंधाबाईंनी तिला कित्येक आठवडे स्वतःच्या हाताने पेज भरवली. हळूहळू ती दोन शब्द बोलू लागली, पण चेहरा तसाच राही. अडुसष्ट सालच्या पावसाळ्यात मात्र ती एकाएकी बदलली. नीट जेवू लागली, इतर बायकांच्या वेण्या घालू लागली, एकदा तर हसलीही. तेवढ्यात तिचा भाऊ नाथा आला. लावणीला माणसे कमी पडतायत, आई एकटी आहे, चार दिवस तरी न्यायची आहे, असे त्याचे म्हणणे होते. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. सुगंधाबाई म्हणाल्या, पाठवू या.

आता इथे एक सांगायला हवे. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणते. आमच्या वॉर्डात मात्र उलटी रीत होती. ती वॉर्डातल्या आया गोदूबाई यांनी पाडलेली. कायमची बरी होऊन निघालेली बाई 'येते' म्हणाली, की त्या तिला दारातच अडवत. म्हणत, "येतेस कुठं, मेले? जाते म्हण, आणि परत तोंड दाखवू नकोस." सगळ्या हसत. रजेवर निघालेलीने मात्र 'येते'च म्हणायचे, कारण तिला परत यायचे असे.

पार्वती निघाली तेव्हा गोदूबाई दारात होत्याच. पार्वती म्हणाली, "जाते, मावशी."

"अगो, रजा हाय तुझी, सुटका न्हाय. येते म्हण."

पार्वती हसली. "जाते," ती पुन्हा म्हणाली.

बायका हसल्या. सुगंधाबाईही हसल्या. हिला बरे व्हायची केवढी घाई झाली आहे, असे त्यांना वाटले, आणि बरेही वाटले.

पार्वती परत आली नाही. नाथा आला तो एकटाच. तिने जीव दिला होता.

मंडळाच्या बैठकीत सुगंधाबाईंनी 'जाते'ची हकिकत आपण होऊन सांगितली. एकाएकी आलेले ते हसूही आपण चुकीचे वाचले, असे म्हणाल्या. अध्यक्ष रामनाथभाऊ भला माणूस. हे कुणाला ओळखता आले असते, असे म्हणून त्यांनी विषय संपवला. डॉक्टरांनीही तेच सांगितले. सुगंधाबाईंचे समाधान झाले नाही.

त्यानंतर रजेवर निघालेल्या प्रत्येक बाईला त्या बाजूला बसवत आणि सरळ विचारत, "घरी गेल्यावर जीव द्यायचं मनात आहे का?" डॉक्टरांना हे पसंत नव्हते. नसलेले मनात कशाला भरवायचे, असे त्यांचे मत. पण शालू नावाची मुलगी गाठोडे बांधून तयार असताना या प्रश्नावर गाठोडे खाली ठेवून 'हो' म्हणाली. तिची रजा रद्द झाली. न्यायला आलेल्या दिराने नाही नाही ते सुनावले, शालूही बरेच दिवस सिस्टरांशी बोलली नाही. पुढे ती बरी होऊन घरी गेली. मग डॉक्टरांनी हरकत घेणे सोडले.

त्याच सुमारास सुगंधाबाई काशीगावला पार्वतीच्या आईकडे गेल्या. वाट दाखवायला मी बरोबर होतो. रुक्मिणीबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. सुगंधाबाईंनी काहीही हातचे न ठेवता सगळे सांगितले. रजा आपल्या सांगण्यावरून मिळाली, दारातला तो शब्द आपण ऐकला होता, आता आपण प्रत्येकीला विचारतो, त्यामुळे एक पोर वाचली, हेही.

म्हातारीने सूप खाली ठेवले. आवाज चढवला नाही.

"मंग माझ्या पोरीला का न्हाय इचारलं?"

म्हातारीने थोडा वेळ वाट पाहिली, मग सूप उचलून ती आत गेली आणि तिने दार लावून घेतले. आम्ही उठलो. सुगंधाबाईंनी बंद दाराला नमस्कार केला आणि माझ्यापुढे झपझप चालू लागल्या.