अर्धा दोरा

आणीबाणी उठली त्या वर्षी मी सांगलीहून देवळीला आलो. हातात मेकॅनिकलचा डिप्लोमा, पेटीत बारीक मापं घ्यायचा एक व्हर्निअर आणि अंगात नको तेवढी रग. कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांची दुरुस्ती करणारं, टिनाच्या छपराखालचं छोटंसं वर्कशॉप होतं ते. मालकांना आता सुटे भाग स्वतःच बनवायचे होते. "मानसं तुमी जमवा, साहेब," ते म्हणाले, "पन एक ध्यानात ठेवजा. त्यायच्या पंगतीत बसले की संपलं. मंग कोनी आयकत नाई."

मी चोवीस वर्षांचा. आयुष्यात पहिल्यांदा कोणी साहेब म्हणत होतं, त्यामुळे बाकीचं मी फारसं मनावर घेतलं नाही.

माणसं जमवायला वर्ष गेलं. लेथवर पितळ-लोखंड कातायला एक मिस्त्री गावातच मिळाले. बैलगाड्यांचे आस आणि पिठाच्या गिरण्या यांत त्यांची पन्नाशी उलटली होती. गिरडकडचा फिटर विहिरींवरची ऑइल इंजिनं नुसत्या आवाजावरून दुरुस्त करायचा. त्याच्या घरची बोली वेगळी, आमच्याशी तो मोजकंच बोले. तळेगावचा वेल्डर मात्र त्याच्या वाटचंही बोलून घ्यायचा.

मी त्यांना सुट्या भागांचे नकाशे वाचायला शिकवलं. मिस्त्री मात्र सूत आणि दोरा सोडायला तयार नव्हते. इंचाचे आठ सूत, सुताचे दोन दोरे, एवढ्यात त्यांचं जग मावत होतं. "मिस्त्री, हे सुतारकाम नाही," असं मी त्यांना सगळ्यांसमोर म्हणालो आहे. आज आठवलं की मान खाली जाते. ते "हो साहेब" म्हणायचे आणि माझा नकाशा लेथच्या वर खिळ्याला लावायचे. तेलाचा हात लागू नये म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद घालायचे.

दुपारी एकला लेथ थांबायचा. मागच्या कडुनिंबाखाली तिघांचे डबे उघडायचे. एकाचा ठेचा, एकाची अंबाडीची भाजी, सगळं मध्ये ठेवलेलं. मी केबिनमध्ये खानावळीचा डबा खायचो. खिडकीतून हसण्याचा आवाज यायचा. वेल्डर काहीतरी रंगवून सांगायचा, आणि तो मुखदुर्बळ फिटरसुद्धा खो खो हसायचा. रोज वाटायचं, आज कोणीतरी हाक मारेल. सात वर्षांत कोणी मारली नाही. मालकांचा शब्द पाळतोय, असं मी मनाला सांगायचो. खरं म्हणजे हाक आल्याशिवाय बाहेर जायची मला लाज वाटायची.

काम मात्र चोख चाललं होतं. आमच्या पितळी बुशांबद्दल, म्हणजे यंत्राचा दांडा ज्यात फिरतो त्या नळकांड्यांबद्दल, कधी तक्रार आली नाही. माझे नकाशे आहेत, येईलच कशी, असं मला वाटायचं.

मग मिस्त्रींच्या मुलीचं लग्न निघालं. फिटर आणि वेल्डर आठ दिवस आधीच मांडवाच्या कामाला गेले. मला पत्रिका मिळाली, हळदीकुंकवाचं बोट लावलेली, अगदी रीतसर. त्याच आठवड्यात एक आयटीआय झालेला टर्नर रुजू झाला आणि त्याने बुशांची एक खेप एकट्याने लेथवर उतरवली.

ती सगळीच्या सगळी पुलगावकडच्या एका जिनिंगमधून परत आली. भोक मोठं झालं होतं, दांडा आत खडखडत होता. मी टर्नरला फैलावर घेतलं. त्याने गुपचूप नकाशा पुढे धरला. मी व्हर्निअर लावला. माप नकाशाप्रमाणे तंतोतंत होतं.

मग मिस्त्रींनी केलेलं एक शिल्लक, कोरं बूश शोधून त्याला लावला. भोक अर्धा दोरा कमी.

सात वर्षांपूर्वी नमुना म्हणून मला जे बूश मिळालं, ते वापरून झिजलेलं होतं. मी ती झीज मोजली आणि सुबक अक्षरांत नकाशात घातली. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी ते ओळखलं होतं. फिटरला माहीत होतं, वेल्डरलाही माहीत होतं. माझी चूक तिघांनी सात वर्षं मुकाट्याने दुरुस्त केली होती.

लग्न आटोपून मिस्त्री कामावर आल्यावर मी त्यांना विचारलं, "मला सांगितलं का नाही?"

"तुमच्या कागदाले आमी खोटं कसं म्हनावं, साहेब?" त्यांनी हात पुसले. "अन् सांगावं कवा? आमचं असं बोलनं जेवतानाच होते. तुमी त आत जेवता."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मी नवा नकाशा काढला, मिस्त्रींना विचारून. दुसऱ्या दिवशी एकला डबा घेऊन कडुनिंबाखाली गेलो. तिघंही उठून उभे राहिले. फिटरने धावत जाऊन स्टूल आणलं, वेल्डरने ते आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसलं. मी स्टुलावर, ते खाली. मिस्त्रींनी ठेचा आधी मला वाढला. वेल्डरही नुसता घास मोडत राहिला. डबे भराभर संपले. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच झालं.

तिसऱ्या दिवशी मी केबिनमध्येच डबा उघडला. बाहेर मिस्त्री नव्या टर्नरला म्हणाले, "अबे, तिकडं काऊन बसला? इकडं ये जेवाले." थोड्या वेळाने वेल्डरचा आवाज चढला आणि सगळे हसले. हसणारे आता चार होते.