येताना थांबू

यवतमाळहून नागपूरला जाताना कळंब लागतं. तिथं आलो की माझी बायको वर्षानुवर्षं एकच वाक्य बोलायची, "उलिसं थांबा नं, चिंतामणीले नमस्कार करून येऊ." माझंही उत्तर ठरलेलं, "येताना थांबू." येताना उशीर झालेला असायचा, ती पेंगत असायची आणि मी गाडी सरळ घराकडे दामटायचो. मी नास्तिक नव्हतो. सरकारी कचेरीत जन्म गेलेला माणूस, देवाचंही काम पुढच्या तारखेवर ढकलत होतो इतकंच. तो आपलं ऐकतो की नाही याची शंका मनात होती, पण ती तपासून पाहायलाही मला सवड नव्हती.

निवृत्त झालो तेव्हा मुलीनं आम्हा दोघांना श्रीलंकेला पाठवलं. "बाबा, घड्याळ घरी ठेवून जा," असं तिनं बजावलं होतं. घड्याळ मी अर्थातच नेलं.

देश मात्र असा देखणा, की माझ्यासारख्या कुरकुऱ्या माणसाचीही बोलती बंद व्हावी. अनुराधपूरहून आम्ही सकाळी जाफन्याला निघालो. दोन्ही बाजूंना हिरवागार भात, कमळांनी भरलेले तलाव, बांधावर मोर. पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावणारी माणसं आम्ही, बायको तर काचेला नाक लावून बसली होती. पण उत्तरेकडे जाऊ लागलो तसं काहीतरी बदललं. शेंडे उडालेली ताडाची झाडं दिसू लागली. छप्पर नसलेल्या घरांच्या भिंतींना गोळ्यांची भोकं होती आणि आत अंगणातली जास्वंद आपली फुललेली. एका रानाच्या कडेला जमिनीत सुरुंग असल्याची लाल पाटी होती. तमिळ-सिंहली लढाई संपून कितीतरी वर्षं झाली, तरी त्या रानात अजून पाऊल टाकायची सोय नव्हती.

गाडी चालवणारा सुनील त्याच देशातला, पण दक्षिणेकडचा सिंहली, बुद्धाला मानणारा. आखातात काम करताना तो मोडकी हिंदी शिकला होता. रस्त्याच्या कडेला गणपतीचं एक लहानसं देऊळ आलं आणि त्यानं गाडीचा वेग कमी केला. तिकडे गणपतीला पिल्लैयार म्हणतात. ट्रक, बस, मोटारी, सगळे तिथं थांबले होते. ड्रायव्हर खाली उतरून नारळ फोडत होते.

मी घड्याळ पाहिलं. किल्ला पाहायचा होता, जेवण गाठायचं होतं. म्हटलं, "चलो चलो, वापसी में रुकेंगे."

सुनीलनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "सर, इधर सब गाडी रुकता है. इस रास्ते पर 'वापसी में' कोई नहीं बोलता."

मी चिडलो. गाडीचं भाडं आपण भरायचं आणि हुकूम त्यानं सोडायचा, असं काहीबाही बोललोसुद्धा. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि नारळ घेऊन उतरला. मी तणतणत बायकोकडे वळलो, "पाह्य, याचा शहाणपणा!"

तिचा चेहरा घामानं निथळत होता, ओठ पांढरेफटक पडले होते आणि हात थरथरत होता. हाक मारली तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणी परकाच. मी गोळी शोधायला तिची पर्स उपडी केली. त्यातून निघालं ते घरच्या कॅलेंडरचं फाडून घडी घातलेलं पान. आजच्या तारखेवर छोटा गणपती छापलेला, शेजारी चंद्रोदयाची वेळ. संकष्टी होती. तिला शुगर आहे. गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं आणि चतुर्थी मोडायची नाही असं तिच्या आईनं. तिनं सकाळी दोघांचंही ऐकलं होतं. उपाशीपोटी गोळी घेऊन ती चार तास काचेतून मोर पाहत बसली होती आणि अंगातली साखर पार उतरली होती.

"तू काहून सांगितलं नाही मले?" मी ओरडलो.

"तुमी रागावले असते," ती पुटपुटली.

माझा आवाज ऐकून सुनील धावत आला आणि त्याच्यामागून देवळाच्या दारात शेंगा विकणारी एक तमिळ म्हातारी. तिनं बायकोकडे एकदा पाहिलं, परत वळली आणि देवापुढचा ताडगुळाचा खडा घेऊन आली. बायकोनं मान फिरवली, "चंद्र नाही दिसला अजून." त्या माउलीला आमची भाषा कुठली कळायला! तिनं बायकोची हनुवटी धरून तोंड देवळाकडे वळवलं, गाभाऱ्यातल्या मूर्तीकडे बोट दाखवलं आणि खडा ओठांपाशी धरला. बायको मूर्तीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्यानंच देलं तं मी कोण नाही म्हननारी?" आणि लेकरासारखं तोंड उघडलं.

गुळाचे तीन खडे आणि शहाळ्याचं पाणी पोटात गेल्यावर हळूहळू तिचे डोळे निवळले. तिनं मला ओळखलं आणि पदर सारखा करत विचारलं, "तुमी कायले रडता?" तेव्हा मला कळलं की मी रडतोय. म्हातारीनं माझ्या टकलावर हात ठेवला. आई गेल्यापासून तिथं कुणी हात ठेवला नव्हता.

मग आम्ही सावलीत बसून उकडलेल्या शेंगा खाल्ल्या. सुनीलनं सांगितलं, म्हातारीचे दोन मुलगे याच रस्त्यानं गेले ते परत आले नाहीत. त्याचा स्वतःचा थोरला भाऊ सैन्यात होता, तोही इथूनच गेला आणि आला नाही. लढले ते एकमेकांविरुद्ध. आणि हा प्रत्येक खेपेला इथं नारळ फोडतो, ती याच्यासाठी शेंगांचा पुडा बाजूला काढून ठेवते. 'वापसी में' का म्हणायचं नाही, ते मला त्या पुड्याकडे बघताना समजलं.

हा चमत्कार होता असा माझा दावा नाही. तिथं तर रोजच सगळे थांबतात. पण माझं ऐकलं असतं तर गाडी पुढे निघून गेली असती, मैलोगणती रान होतं, आणि मी जेवणाची वेळ बघत बसलो असतो. माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं देणं मी हट्टानं नाकारत होतो आणि देणाऱ्यानं माझा हट्ट मनावर घेतला नाही, याबद्दल किती कृतज्ञ राहू? सगळं आपल्या हातात नसतं, हे किती बरं आहे!

दुपारी जाफन्यात ती पोटभर जेवली. चंद्राचं नावही काढलं नाही.

परवा नागपूरला निघालो होतो. कळंब आलं. ती काही बोलली नाही, सवयीनं नुसते हात जोडले. मी गाडी वळवून थांबवली.

"काहून थांबले?" तिनं हसू दाबत विचारलं. "येताना थांबलो असतो नं."

मी घड्याळ काढून गाडीतच ठेवलं आणि तिचा हात धरून जमिनीखालच्या चिंतामणीकडे जाणाऱ्या पायऱ्या उतरू लागलो.